राखणीचं कुत्रं आणि भाड्याची खोली

अकोले तालुक्यातला बिबट्या काय खातो, याचा शास्त्रशुद्ध हिशोब झालेला आहे. संशोधक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या शेतशिवारातून बिबट्याची विष्ठा गोळा केली, तपासली आणि ‘ओरिक्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. वजनाच्या हिशोबाने बिबट्याच्या आहारातला ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के होता. शिवारात शेळ्या कुत्र्यांहून जास्त असूनही बिबट्या कुत्र्याकडेच वळत होता.

याच तालुक्यातल्या भंडारदऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. त्या पाण्यावर खालच्या अंगाला ऊस उभा राहिला आणि उसात बिबट्या नांदू लागला. वरच्या अंगाला, शेंडी, रतनवाडी, घाटघर, बारी या बाजूला, ऊस नाही, पण कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं रान आहे. हा डांगी जनावरांचा मुलूख. गोठ्यात वासरू असतं, दारात कोंबड्या असतात आणि घर बहुधा वाडीच्या टोकाला असतं. अशा घराला कुत्रं लागतंच, आणि ते तिखट असावं लागतं. अनोळखी माणूस आला की गप्प बसणारं कुत्रं इथे कुणी कौतुकाने पोसत नाही. काही घरांत त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, म्हणजे बिबट्याने मान धरली तरी दात बसू नयेत.

थोडक्यात, शहरातल्या सोसायटीत लिफ्टमधून फिरायला नेल्या जाणाऱ्या कुत्र्याचा आणि या कुत्र्याचा धर्म वेगळा. इथलं कुत्रं कामावर असतं. अडचण एवढीच, की त्याच्या कामाच्या व्याख्येत ‘अनोळखी’ म्हणून जो बसतो, तो हल्ली त्याच अंगणाच्या पलीकडे महिन्याचं भाडं भरून राहत असतो.

भाड्याने राहतं कोण?

भंडारदरा म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर पावसाळ्यातला रंधा धबधबा, जूनच्या तोंडावरचे काजवे आणि जलाशयाकाठचे तंबू येतात. ते पर्यटक शनिवारी येतात आणि रविवारी जातात. त्यांना कुत्र्याचा त्रास झाला, तर तो एका रात्रीचा. या लेखातला माणूस सोमवारीही इथेच असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आणि बाई, आरोग्यसेविका, तलाठी, ग्रामसेवक, वीज मंडळाचे वायरमन, बँकेचा कारकून, हॉटेल आणि रिसॉर्टमध्ये काम करणारी मुलं. शेंडीत किंवा खाली राजूरला खोली घेऊन ही मंडळी राहतात.

खोलीची रचना ठरलेली. पुढे मालकाचं घर, मागे किंवा बाजूला काढलेल्या दोन-तीन खोल्या, मध्ये सामाईक अंगण, एका कोपऱ्यात नळ, दुसऱ्या कोपऱ्यात संडास. कुंपण असलंच तर काटेरी फांद्यांचं. शेजारच्या घराचं अंगण कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं, हे माणसांना ठाऊक असतं, कुत्र्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. करार बहुतेक वेळा तोंडी. किल्ली हातात आली, आगाऊ भाडं दिलं, व्यवहार झाला.

समजा, बदली होऊन आलेली एक आरोग्यसेविका अशा खोलीत राहते. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा शेजारचं कुत्रं मोकळं असतं. संध्याकाळी ती लसीकरणाचं सत्र उरकून परतते तेव्हा ते रस्त्यात आडवं येतं. एकदा ओढणी धरली, एकदा पोटरीवर ओरखडा काढला. मालकाला सांगावं तर उत्तर ठरलेलं: “काही करत नाही ते, तुम्ही पळू नका.” शेजाऱ्याचं उत्तरही ठरलेलं: “नवीन माणसाला भुंकतंय. सवय झाली की बंद होईल.” यापुढे ती गप्प बसते आणि येण्याजाण्याची वाट बदलते.

ती गप्प का बसते, हे समजून घेण्यासारखं आहे. गावात तिची भावकी नाही. भांडणात तिच्या बाजूने उभं राहील असं घर नाही. दोन-तीन वर्षांत बदली होणार, मग कशाला वैर घ्या, असा हिशोब असतो. शिवाय सरकारी नोकराची मान आणखी एका दाव्याला बांधलेली असते. ग्रामविकास खात्याने २०१९ साली आदेश काढून शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी मुख्यालयी राहतात की नाही, याच्या खात्रीसाठी ग्रामसभेचा ठराव मागितला होता. ज्या गावाकडून आपण इथे राहतो असा दाखला घ्यायचा, त्याच गावातल्या वजनदार घराच्या कुत्र्याबद्दल तक्रार करायला धाडस लागतं.

या सगळ्याच्या मुळाशी मात्र एक गैरसमज आहे: घर आपलं नाही, तेव्हा तक्रारीचा हक्कही आपला नाही, काय बोलायचं ते घरमालकाने बोलावं. कायदा असं म्हणत नाही. चावणाऱ्या कुत्र्यापासून संरक्षण मागणाऱ्याला पोलीस ठाणं, दंडाधिकारी किंवा न्यायालय सातबारा विचारत नाही. तिथे राहणाऱ्याला निर्धोकपणे राहता आलं पाहिजे, आणि राहणारा मालक आहे की भाडेकरू, याने त्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो कुत्रं कुणाचं आहे याने.

कुत्रं घरमालकाचं असेल तर

सगळ्यात नाजूक परिस्थिती ही, कारण भाडं घेणारा हात आणि साखळी सोडणारा हात एकच असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र भाडेकरूची बाजू इथेच सर्वांत भक्कम आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, भाडेकरू भाडं भरतो आणि कराराच्या अटी पाळतो तोवर त्याला जागेचा उपभोग विनाअडथळा घेऊ देणं हे मालकावर बंधन आहे. करारात लिहिलेलं नसलं तरी ते गृहीत धरलं जातं. नळापर्यंत जाता येत नाही, संडासाच्या वाटेवर कुत्रं बसलेलं आहे आणि ते मालकाचं आहे, तर हा अडथळा मालकानेच उभा केलेला आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम २९ याहून पुढे जातं. पाणी, वीज, स्वच्छतेची सोय अशा अत्यावश्यक सेवा सबळ कारणाशिवाय तोडायला किंवा रोखायला ते मालकाला मनाई करतं. तक्रार केली म्हणून दुसऱ्या दिवशी नळाला कुलूप लागलं, तर या कलमाचा थेट आधार आहे. पण एक मेख लक्षात ठेवायला हवी. हा कायदा सगळ्या महाराष्ट्राला सरसकट लागू नाही. अनुसूचीत दिलेल्या आणि नंतर अधिसूचनेने जोडलेल्या क्षेत्रांनाच तो लागतो. शहरात राहणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडत नाही. शेंडी-भंडारदऱ्यासारख्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्याने मात्र आपलं गाव त्यात येतं का, हे वकिलाकडून आधी तपासून घ्यावं. येत नसेल, तर १८८२ चा कायदा आहेच.

त्या जुन्या कायद्यात तोंडी कराराचीही सोय आहे. महिन्याच्या बोलीवर जागेचा ताबा दिला असेल, तर कागद नसला तरी भाडेकरार अस्तित्वात येतो. ‘तुमच्याकडे लेखी काय आहे?’ या दरडावणीला घाबरण्याचं कारण नाही. ऑनलाइन भरलेलं भाडं, वीजबिल, शाळेच्या दप्तरात नोंदवलेला पत्ता, हे सगळं पुरावाच आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. महिन्याच्या बोलीचा असा करार कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो, आणि ती नोटीस दोन्ही बाजूंना देता येते. भाडेकरूला खोली सोडायची असेल तर हे सोयीचं, पण तक्रारखोर म्हणून मालकाने काढायचं ठरवलं तर तेही शक्य. भाडे नियंत्रण कायदा लागू नसलेल्या गावात भाडेकरूची खरी दुबळी जागा ही आहे. मात्र नोटीस देणं वेगळं आणि सामान अंगणात फेकणं वेगळं. ताबा घ्यायचा तर न्यायालयात जावं लागतं. संमतीशिवाय आणि कायदेशीर मार्ग सोडून कुणाला बाहेर काढलं, तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो.

शेजारच्या भाडेकरूचं, की शेजाऱ्याचं?

एकाच मालकाच्या खोल्यांत राहणाऱ्या दुसऱ्या भाडेकरूने कुत्रं पाळलं असेल, तर घरमालकाच्या हातात हत्यार आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ मध्ये घर खाली करून घेण्याची जी कारणं दिली आहेत, त्यांत शेजारच्या रहिवाशांना उपद्रव देणारी वागणूक हे एक कारण आहे. म्हणून अशा वेळी तक्रार घरमालकाकडे लेखी करावी. त्याने हात झटकले, तर पुढे हाच कागद कामाला येतो.

कुत्रं शेजारच्या स्वतंत्र घराचं असेल, तर भाडेकरूंची निराशा होते ती इथे. ‘घरमालकाने बंदोबस्त करावा’ ही अपेक्षा स्वाभाविक आहे, पण कायद्यात तिला फारसा आधार नाही. विनाअडथळा उपभोगाची मालकाची हमी ही त्याच्या स्वतःच्या आणि त्याच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांच्या वागण्यापुरती असते. तिऱ्हाइताच्या कुत्र्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. त्यामुळे ‘कुत्र्याचा त्रास आहे, म्हणून या महिन्याचं भाडं देणार नाही’ असा पवित्रा घेणाऱ्याची उलट अडचण होते. भाडं थकलं की आपली बाजू पडते. भाडं वेळेवर भरत राहावं, पावती घ्यावी आणि भांडण कुत्र्याच्या मालकाशी थेट करावं.

हे थेट भांडण भाडेकरूला करता येतं. जागेचा ताबा ज्याच्याकडे आहे, त्याला उपद्रवाविरुद्ध दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो आणि इजा झाली असेल तर भरपाईही. त्यासाठी घरमालकाची सही लागत नाही.

अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ने राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. करारात ‘लॉक-इन’ असेल, म्हणजे अमुक महिने घर सोडता येणार नाही अशी अट असेल, तर शेजाऱ्याच्या कुत्र्यामुळे ती अट आपोआप सुटत नाही. पर्यटनामुळे भंडारदऱ्यात बंगले आणि खोल्या अशा करारांवर देण्याची रीत वाढते आहे. सही करण्यापूर्वी एकदा संध्याकाळी अंधार पडल्यावर जागा पाहून यावी. दुपारी झोपलेलं कुत्रं पाहून कुणालाच काही कळत नाही. आणि करारात दोन ओळी घालून घ्याव्यात: आवारात कुत्रं असल्यास त्याचं लसीकरण आणि बांधण्याची जबाबदारी कुणाची, आणि जागेत राहणं धोक्याचं झाल्यास एक महिन्याच्या नोटिशीने, अनामत रक्कम न कापता, सोडण्याची मुभा.

उरलं ते कुणाचंच नसलेलं, पण चार घरची भाकरी खाणारं कुत्रं. हॉटेलांच्या मागे आणि तंबूंच्या आसपास उरलंसुरलं अन्न पडतं तिथे अशी कुत्री जमतात. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे त्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री होती त्या भागात परत सोडायला सांगितलं, पण पिसाळलेली किंवा आक्रमक वागणारी यातून वगळली. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा आवारांतली भटकी कुत्री हटवायला सांगितली. भाड्याने राहणारे गुरुजी आणि आरोग्यसेविका ज्या आवारात दिवसभर काम करतात, त्या आवाराला हा आदेश लागतो.

पोलीस ठाण्याची पायरी

भंडारदरा राजूर पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं. कुत्रं चावल्याची तक्रार घेऊन गेलेल्याला महाराष्ट्रातल्या कुठल्याही ठाण्यात बहुधा एकच शब्द ऐकायला मिळतो: ‘एनसी’. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. एक कागद हातात, पुढे काही नाही.

प्रत्यक्षात कलम दखलपात्र आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगतं, की आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना, जो माणूस जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने पुरेशी खबरदारी घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जुन्या दंडसंहितेत हेच कलम २८९ होतं, दंड फक्त एक हजार होता. गुन्हा जामीनपात्र आहे, पण दखलपात्रही आहे, म्हणजे पोलिसांना प्राथमिक माहिती अहवाल नोंदवून तपास करता येतो. निष्काळजीपणाने इजा झाली तर कलम १२५ सोबत लावता येतं. इजा गंभीर असेल तर त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ठाण्यात नोंद घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली तीच तक्रार लेखी स्वरूपात टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्येही हिंस्र कुत्रं मुसकं न घालता रस्त्यावर मोकळं सोडायला मनाई आहे.

अशा कलमांखाली खरोखर शिक्षा होते का? होते. मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० साली एका रॉटवायलर कुत्र्याने ७२ वर्षांच्या गृहस्थाचा चावा घेतला. वाद चालू असताना गाडीचं दार उघडू नका, असं सांगितल्यावरही कुत्र्याच्या मालकाने ते उघडलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये गिरगावच्या दंडाधिकारी न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. वरळीत २०१८ साली एका इमारतीच्या लिफ्टमध्ये हस्की जातीच्या कुत्र्याने लहान मुलाला घेऊन निघालेल्या शेजाऱ्याच्या हाताला चावा घेतला. थोडं थांबा, मुलाला कुत्र्याची भीती वाटते, अशी विनंती करूनही मालकाने कुत्रं आत ओढलं होतं. मे २०२५ मध्ये त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली.

दोन्ही खटल्यांत एक धागा समान आहे. कुत्रं चावलं, यापेक्षा आधी बजावूनही मालकाने ऐकलं नाही, ही गोष्ट जास्त बोलकी ठरते. भंडारदऱ्यातल्या भाडेकरूने यातून घ्यायचा धडा हाच. ‘जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने’ हे शब्द सिद्ध करायचे, तर मालकाला धोक्याची कल्पना होती हे दाखवावं लागतं. ओढणी धरली त्याच दिवशी शेजाऱ्याला साध्या कागदावर दोन ओळी लिहून द्याव्यात, त्यांची एक प्रत ग्रामपंचायतीत देऊन आवक शिक्क्याची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं ‘आम्हाला कुणी बोललंच नाही’ या एका वाक्यात उडून जातं. पोच असलेला कागद उडत नाही. सोबत तारीख, वेळ आणि काय झालं याची वही ठेवावी, जमेल तेव्हा मोबाइलवर चित्रण करावं.

दुसरा धडा वेळेचा. एका प्रकरणात सुमारे तेरा वर्षं गेली, दुसऱ्यात सात. दोन-तीन वर्षांत बदली होणाऱ्याने निकालाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. त्याला हवा आहे या महिन्यातला बंदोबस्त, आणि त्यासाठी एक फारसा न वापरला जाणारा रस्ता आहे.

प्रांतसाहेबांकडचा अर्ज

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३, सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचे अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे प्रांतांना, देतं. उघडी विहीर झाकणं, पडायला आलेली भिंत उतरवणं, रस्त्यातला अडथळा काढणं या यादीतच धोकादायक प्राण्याचाही स्पष्ट उल्लेख आहे: त्याला कोंडून ठेवण्याचा, अन्यथा त्याची विल्हेवाट लावण्याचा किंवा मारण्याचाही सशर्त आदेश काढता येतो. मारणं हे शेवटचं टोक झालं. ‘कोंडून ठेवा, बांधून ठेवा’ एवढ्या आदेशाने बहुतेक भांडणं मिटतात. अकोले तालुक्यासाठी हा अर्ज संगमनेरच्या प्रांत कार्यालयात करायचा. कुत्रं एकट्या भाडेकरूला नाही, तर वाटेने जाणाऱ्या सगळ्यांना त्रास देतं हे त्यात दिसलं पाहिजे. शाळेत जाणारी पोरं, दूध घालायला जाणारी माणसं यांच्या सह्या असल्या तर अर्जाला वजन येतं. असा अर्ज करायला भावकी लागत नाही, वाटेवरून जाणारे शेजारी लागतात. आणि ज्या कुत्र्याचा त्रास भाडेकरूला होतो, त्याचा त्यांनाही होतच असतो.

ग्रामसभेत बसण्याचा हक्क

प्रांतापर्यंत जाण्याआधी गावातच मिटलं तर उत्तम. अकोल्याचा हा आदिवासी पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो आणि १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला परंपरेच्या रीतीने तंटे सोडवण्याचा अधिकार मान्य केला आहे. महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत चार जुन्या माणसांसमोर बसून वाद मिटवण्याची रीत कायद्याच्या आधीपासूनची. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावोगावी समित्या नेमल्या. कुत्र्याचं भांडण हे अशा समितीपुढे नेण्याजोगंच आहे, कारण दोन्ही घरांना उद्याही त्याच नळावर पाणी भरायचं असतं. चाव्याची जखम गंभीर असेल, तर मात्र ‘गावात मिटवू’ म्हणून पोलिसांकडची तक्रार थांबवू नये.

भाडेकरूला ग्रामसभेत कोण विचारतो, असं म्हणणाऱ्यांसाठी एक तरतूद सांगण्यासारखी आहे. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस. आणि मतदार यादीत नाव येतं ते तिथे सर्वसाधारणपणे राहण्यावरून. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० तर उलट बाजूने सांगतो, की एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचं आहे एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे जलाशयाकाठी बंगला बांधून वर्षातून चार वेळा येणारा पुणेकर या बाबतीत मागे आणि बारा महिने भाड्याच्या खोलीत राहणारे गुरुजी पुढे. नाव नोंदवलं तर ग्रामसभेत कुत्र्याचाच काय, नळाचा आणि दिव्याचाही विषय त्यांना मांडता येतो.

जे करू नये

रागाच्या भरात भाकरीत विष घालून टाकण्याचे प्रकार खेड्यातही होतात, शहरातही. न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला मारणं, विष देणं किंवा निकामी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कुत्रं मोकळं सोडणाऱ्याला कलम २९१ खाली जास्तीत जास्त सहा महिने आणि विष घालणाऱ्याला पाच वर्षं, हा हिशोब डोकं शांत ठेवायला पुरेसा असावा. अंगावर धावून आलेल्या कुत्र्याला काठीने हुसकावणं वेगळं, दुसऱ्या दिवशी काठी घेऊन त्याच्या अंगणात जाणं वेगळं.

कुत्र्याच्या मालकानेही दुसऱ्या टोकाला जाऊ नये. ‘तक्रार केली ना, मग घ्या’ म्हणून आखूड साखळीने चोवीस तास खुंटीला बांधलेलं कुत्रं आणखी चिडकं होतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातल्या कलम ११ मध्ये कुत्र्यासाठी खास तरतूद आहे: सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडूफिरू न देणं, ही मालकाची क्रूरता ठरते. अवास्तव आखूड किंवा जड साखळीही त्याच कलमात येते.

चावलंच तर

सगळ्या कलमांच्या आधी साबण आणि पाणी. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तंबाखू, मिरची काही लावायचं नाही. मग थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं, आणि वेळेवर उपचार झाले तर रेबीज टाळता येतो. लसीचे डोस चाव्याच्या दिवसापासून मोजून ठरलेल्या तारखांना पुरे करायचे, मध्येच सोडायचे नाहीत. कातडी फाटून रक्त आलं असेल, तर लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं. ते लहान केंद्रात नसेल तर पुढच्या रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी मागून घ्यावी. कुत्रं ओळखीचं असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवता येते, पण त्यासाठी लस थांबवायची नाही. केसपेपर जपून ठेवायचा. तो उपचाराचा कागद आहे आणि खटल्यातला पहिला पुरावाही.

गावाने काय करावं

भंडारदऱ्याला कुत्रं नको, असं म्हणणं बिबट्याच्या मुलखात वेडेपणाचं ठरेल. रात्री राखण हवी, आणि दिवसा माणसाला नळापर्यंत बिनघोर जाता यायला हवं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, कारण बिबट्याची वेळ आणि पाणी भरण्याची वेळ वेगळी आहे. एका ग्रामसभेच्या ठरावात हे बसतं. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत कुत्रं पुरेशा लांब साखळीने बांधलेलं किंवा कुंपणात असावं. रात्री मोकळं, पण आपल्या आवारात. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने वर्षातून एकदा वाडीवाडीवर रेबीज लसीकरणाचा दिवस ठेवावा आणि लस टोचलेल्या कुत्र्याची ग्रामपंचायतीत नोंद व्हावी. खोली भाड्याने देणाऱ्याने आवारातल्या कुत्र्याची माहिती नव्या माणसाला आधी द्यावी. रिसॉर्टवाल्यांनी उरलेलं अन्न उघड्यावर टाकू नये. यातल्या कशालाही फार मोठा निधी लागत नाही.

पर्यटकांसाठी भंडारदरा रस्ते, दिवे आणि फलक मागतं, ते मागायलाच हवेत. पण गावाची शाळा, दवाखाना, तलाठी कार्यालय आणि हॉटेलांची स्वयंपाकघरं चालतात ती भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या माणसांवर. चांगल्या बाई, चांगली नर्स बदलीची वाट पाहत दिवस मोजते की टिकून राहते, हे पुष्कळदा अशा अंगणातल्या गोष्टींवर ठरतं. तिला राहायला जागा दिली, भाडं घेतलं, एवढ्याने गावाची जबाबदारी संपत नाही. आणि तिनेही, भाडेकरू आहे म्हणून, पहिली तक्रार लिहायला दुसऱ्या चाव्यापर्यंत थांबू नये.